डोक्यावरचा झेल

एडिसन, पिस्कॅटवे आणि पंचक्रोशीतल्या तमाम मराठी कुटुंबांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ज्या माणसाचा मी आयुष्यात सर्वांत जास्त हेवा केला, त्याला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून माझं सांत्वन करावं. बसलात तरी चालेल, कारण गोष्ट जरा लांबणार आहे.

त्याचं नाव डोनल. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला केरी नावाचा परगणा आहे, तिथला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी तो एडिसनला आमच्या अपार्टमेंटमध्ये बरोबर आमच्या खाली राहायला आला, आणि नशीब असं की मी ज्या कंपनीत इंजिनिअर होतो तिथेच ड्राफ्ट्समन म्हणून लागला. म्हणजे नऊ ते पाच जळायची सोय ऑफिसात, आणि पाचनंतरची घरी.

आमच्या घरी तेव्हा एक रिवाज होता. मी सकाळी गाडीच्या किल्ल्या विसरून खाली उतरायचो आणि सुलभा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, त्या बाल्कनीतून खाली टाकायच्या. मी कॉलेजच्या टीममध्ये स्लिपला उभा राहायचो आणि अख्ख्या सांगलीत माझ्या झेलांची चर्चा व्हायची, ही माहिती मी लग्न ठरायच्या आधीच सुलभाला पुरवली होती. त्यामुळे किल्ल्या झुडपात गेल्या की मला काहीतरी कारण द्यावं लागे. बहुतेक वेळा मी "डोळ्यांवर ऊन आलं" असं सांगायचो. न्यू जर्सीच्या जानेवारीतसुद्धा.

त्या सकाळी किल्ल्या वरून निघाल्या. मी पाय रोवले, छातीशी ओंजळ केली, आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागून कुणीतरी उडालं. उडालं म्हणजे अक्षरशः उडालं. एक गुडघा माझ्या कानाजवळून वर गेला, दोन लांबलचक हात माझ्या डोक्याच्याही वर हातभर पोचले, आणि किल्ल्यांचा छनकन आवाज आला. गाडी माझी, बायको माझी, डोकं माझं, आणि त्या डोक्यावरचा झेल मात्र या लाल केसांच्या परक्या माणसाचा!

"खाली यायची वाट कशाला बघायची?" किल्ल्या माझ्या हातात देत तो म्हणाला. "ती काय बस आहे?"

वरून सुलभाचा आवाज आला, "अय्या! काय झेललं हो! अहो, तुम्ही का नाही असं झेलत?"

वाचकहो, तो दिवस आणि आजचा दिवस.

दुसऱ्या दिवसापासून ती किल्ल्या टाकायच्या आधी विचारू लागली, "डोनल आहे का खाली?"

डोनलसमोर काहीही खाली पडू शकत नसे. ड्रॉइंग ऑफिसात लोक एकमेकांकडे नकाशांच्या गुंडाळ्या फेकत, त्या तो मध्येच उठून हवेत पकडायचा. दिवाळीत आमच्याकडे पंधरावीस मंडळी जमली होती, तेव्हा माळ्यावरून पितळी परात निसटली. खाली उभ्या असलेल्या तिघा इंजिनिअरांनी डोक्यावर हात घेतले. डोनलने हातातली करंजी तोंडात कोंबली आणि परात वरच्या वर घेतली. मी तेव्हा माझ्या सुप्रसिद्ध स्लिप कॅचची गोष्ट अगदी रंगात येऊन सांगत होतो. ती तशीच अर्धवट राहिली, ती आजतागायत. सगळा जमाव तिकडे. बायका म्हणतात, "पुन्हा करून दाखवा ना!" आणि हा परात वर फेकतोय, झेलतोय. माझ्याच घरात, माझ्याच दिवाळीत!

शेवटी मी विचारलं, ही विद्या कुठली. तो म्हणाला, "आर्वी," माझं नाव अरविंद, पण त्याच्या तोंडी ते तेवढंच उरलं होतं, "आर्वी, आमच्याकडे चेंडू वर गेला की तो कुणाचाच नसतो. तुझ्या अंगणावर असला तरी तुझा नसतो. जो उडेल त्याचा."

त्यांच्याकडे म्हणजे गेलिक फुटबॉलमध्ये. हा आयरिश लोकांचा स्वतःचा खेळ. गोल चेंडू, तो हातानेही खेळायचा आणि पायानेही. दोन उंच खांब आणि मधे आडवी दांडी. दांडीवरून चेंडू गेला की पॉइंट, खालून गेला की गोल. उंच आलेला चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून काढून घेणं ही त्यातली खरी शान. आणि एक अजब नियम: चेंडू हातात धरून चार पावलांच्या वर पळायचं नाही. चार झाली की तो जमिनीवर आपटायचा, नाही तर स्वतःच्या पायाच्या चवड्यावर सोडून पुन्हा हातात उडवून घ्यायचा.

पण डोनल अमेरिकेत खेळायचा रग्बी. आमच्या भागात हौशी लोकांची एक रग्बीची टीम होती आणि कीथ नावाचा इंग्रज तिचा प्रशिक्षक होता. पेशाने दातांचा डॉक्टर. तो आधी खेळाडूंचे दात पाडण्याची व्यवस्था करतो आणि मग ते बसवून देतो, असं मी म्हणत असे. कीथने डोनलला पार्कात एका पोराचा पतंग उडी मारून काढताना पाहिलं आणि तिथल्या तिथे टीमच्या सर्वांत मागच्या जागेवर उभं केलं. रग्बीत तेव्हा लोक उंच चेंडूखाली पाय रोवून, पोटाशी ओंजळ करून उभे राहत. थोडक्यात माझ्यासारखे. डोनल धावत येऊन त्यांच्या डोक्यांवर उडायचा. समोरचे बिचारे ओंजळ करून वर बघत राहायचे, भिक्षा घालणारा अजून कसा येत नाही म्हणून.

हे मला कसं माहीत? कारण दर शनिवारी आम्ही जायचो. "आपण" जाऊ या, असं सुलभा म्हणायची. पिस्कॅटवेच्या त्या मैदानावर खेळाडूंपेक्षा बदकं जास्त आणि गवतापेक्षा बदकांची घाण जास्त. तिथे मी मफलर गुंडाळून उभा, आणि सुलभा टीमसाठी बटाटेवड्यांचा भलाथोरला डबा घेऊन. पंधरा आडदांड माणसं चिखलाच्या हातांनी माझ्या बायकोचे वडे खाताहेत, आणि ती विचारतेय, "डोनल, तुला तिखट नाही ना लागलं?" मला तिखट लागतं की नाही, हे त्या बाईने लग्नानंतर एकदाही विचारलेलं नव्हतं.

मात्र देव आहे, याचा पुरावाही मला त्याच मैदानावर मिळाला. डोनलच्या अंगात गेलिक इतकं मुरलेलं होतं, की रग्बीत चेंडू घेऊन हवं तितकं पळता येतं हे त्याच्या पायांना पटेना. मोकळं मैदान समोर असलं तरी चार पावलं झाली की हा चेंडू खाली सोडायचा आणि चवड्याने उडवून पुन्हा हातात घ्यायचा. गोल चेंडूवर ते शोभतं. रग्बीचा चेंडू पडला लांबट, तो कधी हातात यायचा, कधी नाकावर, कधी थेट बदकांत.

"पळ!" कीथ बाहेरून ओरडायचा. "नुसता पळ, माणसा! तुला कुणीही अडवलेलं नाही!"

"मला कळतंय हो," डोनल नंतर म्हणायचा, "पण चार झाली की हात खाजवतात."

आणि एका सामन्यात तर त्याने कमाल केली. शेवटच्या क्षणी खांबांसमोरून त्याने हातातल्या चेंडूला अशी सुरेख लाथ घातली की तो दांडीवरून नीट मधोमध गेला. डोनल दोन्ही हात वर करून नाचू लागला. पण रग्बीत नुसता हातातून मारलेला चेंडू वरून गेला तर काही मिळत नाही. आधी तो जमिनीवर टेकवून, उसळता उसळता मारावा लागतो. तो बिचारा मारून मोकळा झाला होता गेलिकचा पॉइंट. टीम हरली. कीथ दगडी चेहऱ्याने गाडीत जाऊन बसला. मी त्या रात्री वाटीभर श्रीखंड जास्त खाल्लं.

पुढचे कित्येक दिवस डोनल आमच्या पार्किंगमध्ये एकटाच चेंडू टेकवून मारायचा सराव करत होता. सुलभा बाल्कनीतून टाळ्या वाजवत होती. श्रीखंड पचलं नाही.

मी त्याच्यावर जळायचो, पण त्याच्याशी बोलल्याशिवाय मला करमायचंही नाही. एकदा पायऱ्यांवर बसून चहा पिताना मी सहज विचारलं, "तुझे वडील फार खूश असतील नाही, मुलगा इथे येऊनही खेळतो म्हणून?"

त्याने कप खाली ठेवला. "त्यांना माहीत नाही."

मग त्याने सांगितलं. आयर्लंडमध्ये गेलिकवाल्यांनी एके काळी आपल्या सभासदांवर बंदी घातली होती: रग्बी, क्रिकेट असले इंग्रजांचे खेळ खेळायचे तर नाहीतच, पण बघायचेही नाहीत. बंदी उठून बरीच वर्षं झाली होती. मात्र डोनलच्या वडिलांनी, मॉरिस त्यांचं नाव, ती स्वतःपुरती उठवलेली नव्हती. डोनलला झेलायला त्यांनीच शिकवलं होतं. पोराला गोठ्याच्या एका बाजूला उभं करायचं आणि दुसऱ्या बाजूने छपरावरून चेंडू फेकायचा. चेंडू छपराच्या कण्यावर दिसेपर्यंत कुठून येणार ते कळायचं नाही, आणि दिसला की उडायचं. वर्षानुवर्षं, गाईंचं दूध काढून झालं की रोज.

"फोनवर विचारतात, शनिवारी काय करतोस. मी सांगतो, फिरायला जातो." डोनल हसला, पण ते हसणं काही जमलं नाही. "त्यांना कळलं तर ओरडणार नाहीत, आर्वी. बोलायचेच थांबतील. माझ्या काकांशी थांबले ते थांबलेच. आणि गंमत बघ, माझा झेल जगात एकाच माणसाने बघावा असं मला वाटतं. नेमका त्यालाच दाखवता येत नाही."

मग त्या शरद ऋतूत मॉरिसकाका आले. काका ही पदवी सुलभाची. घरात ज्येष्ठ माणूस आला की ती आधी पदवी देते आणि मग चहा. उंच, वाळकी, कोट कधी न काढणारी मूर्ती. ते आले त्याच आठवड्यात शनिवारी मोसमातला शेवटचा सामना होता आणि कीथने डोनलला बजावलं होतं, पुन्हा चवड्यावर चेंडू घेतलास तर टीममधून बाहेर. डोनल माझ्याकडे आला, "आर्वी, बाबांना जरा ओक ट्री रोडला फिरवून आण. दुकानं दाखव. दुपारभर तरी."

मी, सुलभा आणि काका निघालो. एका सिग्नलला काका म्हणाले, "मैदानावर घे."

"कुठल्या मैदानावर, काका?" सुलभाने मागून गोड आवाजात विचारलं.

"माझ्या मुलाच्या पिंढऱ्यांवर बुटांच्या खिळ्यांचे वळ आहेत. फिरायला जाणाऱ्याला तसे वळ येत नाहीत. आणि तुझ्या मांडीवर जो डबा आहे तो पंधरा माणसांचा आहे. आपण तिघं दुकानात चाललोय."

सुलभाने सवयीने टीमच्या वड्यांचा डबा गाडीत घेतला होता! मी आरशातून तिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघू लागली.

"काका, त्याच्यावर रागवू नका हं," ती म्हणाली.

"मी बघणारच नाही," काका म्हणाले. "मी नुसता उभा राहीन."

आणि त्यांनी शब्द पाळला. मैदानाच्या कडेला ते सामन्याकडे पाठ करून उभे राहिले. तोंड गाड्यांकडे, हात कोटाच्या खिशात. दोन्ही बाजूंचे लोक या पाठमोऱ्या प्रेक्षकाकडे बघू लागले. आतून डोनलनेही बघितलं. इतक्या लांबूनही त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला. आणि काय सांगू, जे बघायची मी इतके दिवस वाट पाहत होतो नेमकं ते दृश्य समोर असतानाही मला श्रीखंडाची आठवण झाली नाही.

"काय चाललंय?" गाड्यांकडे बघत काकांनी विचारलं.

म्हणजे आयुष्यभर ज्याला श्रोते हवे असतात त्याला अखेर पूर्ण लक्ष देणारा श्रोता मिळाला, तो डोनलचं कौतुक ऐकायला! मी शक्य तितकी काटकसर केली.

"काही विशेष नाही. एक चेंडू झेलला त्याने."

"किती उंच?"

"बेताचाच."

"लोक का ओरडले मग?"

"अमेरिकन लोक आहेत, काका. कशालाही ओरडतात."

"तू जळतोस त्याच्यावर," काका म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. मी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला.

"लाजू नकोस. मीही जळतोय. यांच्यावर." त्यांनी अंगठ्याने खांद्यामागे मैदान दाखवलं. "गोठ्यामागे आम्ही उभं राहायचं. खांदे आमचे दुखणार, छपराची कौलं आमची फुटणार. आणि पोरगं उडायला लागलं की हे आयतं घेऊन जाणार. चेंडू म्हणून त्याच्या हातात ते लांबट अंडं देणार! आज आयर्लंडच्या रग्बीत जो कुणी चेंडू वरच्या वर काढतो ना, त्याच्या मागे शोध. कुठे ना कुठे कुणाचा तरी गोठा सापडेल. पण नाव रग्बीचं."

आपण हौशी आहोत, जळण्यातला खरा उस्ताद शेजारी उभा आहे, हे मला त्या क्षणी कळलं. मला त्या म्हाताऱ्याबद्दल इतकी आपुलकी वाटली की मी खरं बोलायला लागलो.

"काका, तो सगळ्यांपेक्षा हातभर वर जातो."

"गुडघा पुढे असतो?"

"पुढे असतो."

"हं," काका म्हणाले. पाठ वळली नाही.

सामना संपत आला. आमची टीम दोन गुणांनी मागे. समोरच्यांनी धोका टाळण्यासाठी चेंडू आभाळात मारला. तो उंच उंच गेला, आणि त्याच्याखाली तिघे ओंजळी करून उभे राहिले. डोनल लांबून धावत निघाला.

"वर गेलाय," मी म्हणालो. "खूप वर. डोनल येतोय. खाली तिघे आहेत. तो... काका, तो..." आणि पुढचं माझं सगळं मराठीत झालं. "आई शप्पथ! अरे, काय माणूस आहे हा! तिघांच्या डोक्यावरून! घेतला! अरे, घेतला की!" सुलभाने डब्यावर थाप मारली. माझ्या दंडावर कुणाचीतरी पकड घट्ट बसली होती. ती कुणाची, हे बघायला मला सवड नव्हती.

डोनल खांबांच्या दिशेने पळत सुटला. कीथ ओरडत होता, "पास दे! पास दे!" कुणी कुणाला सांगावं? पावलं झाली, आणि हात खाजवले असणार. डोनलने चेंडू खाली सोडला, चवड्याने उडवला. अडवायला आलेला भीमसेन ते बघून क्षणभर थबकलाच, हा माणूस नक्की कुठला खेळ खेळतोय म्हणून. लांबट चेंडू या खेपेला शहाण्यासारखा हातात आला. मग डोनलने तो नीट जमिनीवर टेकवला, उसळता उसळता मारला, आणि तो दांडीवरून, खांबांच्या मधोमध, पलीकडच्या बदकांत जाऊन पडला. तीन गुण. आमची टीम एका गुणाने जिंकली.

कीथ मटकन गवतावर बसला, जिथे बसायला नको होतं अगदी तिथे. मी आणि सुलभा चक्क एकमेकांना मिठी मारून उड्या मारत होतो. शेजारी बघितलं तर काका जसेच्या तसे. तोंड गाड्यांकडे. हात कोटाच्या खिशात.

डोनल पुढे काही वर्षांनी केरीला परत गेला, तिथल्या पोरांना शिकवायला लागला, असं कळलं. बाल्कनीखालची माझी जागा मला परत मिळाली आणि झुडपांना किल्ल्या. पण तो माझ्या डोळ्यांसमोर येतो तो त्या दुपारचाच: चिखलाने माखलेला, धापा टाकत वडिलांच्या पाठीमागे येऊन उभा राहिलेला. एवढा उडणारा माणूस, पण त्याला त्या पाठीला वळसा घालून पुढे जायचं धाडस होईना.

"बाबा," तो म्हणाला.

"मी काही पाहिलं नाही," काका गाड्यांना म्हणाले. "मी इकडे बघत होतो."

डोनलने मान हलवली. सुलभाने त्याच्यासमोर डबा धरला, तर त्याने त्यातलं काही घेतलं नाही. तो टीमकडे परत निघाला. मला आठवलं, मी स्लिपला उभा राहायचो की गलीत, हे माझ्या वडिलांनी मला कधी विचारलंसुद्धा नव्हतं. मी माझा दुखरा दंड चोळत होतो. कोटाच्या खिशात हात घालून उभ्या असलेल्या माणसाची बोटं माझ्या बाहीवर कशी उमटली, याचा विचार करत होतो. तेवढ्यात म्हातारा गर्रकन वळला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला,

"पाच टाकलीस, गाढवा! पाच! चार झाल्यावर चवड्यावर घ्यायचा, हे किती वेळा शिकवलं होतं तुला!"